आरसा जायज हाय

फुप्पी, माझ्या मोबाइलात तुझा एक फोटो आहे.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे, शबानापुढे नाही, की पोरीपुढे, सनापुढे नाही. मोबाइलची काच फुटली तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या खांद्याला खेटून मी असा उभा राहिलो होतो की तो शेवटी म्हणाला, "गुरुजी, मी चोर नाही." त्याला काय सांगणार, की चोर त्याच्या मागे उभा आहे. मधल्या काळात मोबाइल बदलला. जुन्यातलं सगळं नव्यात आलं, त्याबरोबर तूही आलीस, आणि मला वाटलं, झालं, गुन्ह्याचं नूतनीकरण झालं.

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. तुझी खाट उभी करून भिंतीला लावलीय. शबाना अजूनही सकाळी तुझा बिनसाखरेचा चहा वेगळा काढते, मग लक्षात आलं की चूपचाप स्वतः पिते आणि तोंड वाकडं करते. मी कमी बोलणारा माणूस. तू म्हणायचीस, "याले देवानं जीभ देली, पन हा थे शाळेतच ठेवून येते." खरं होतं. म्हणून जे बोलायचं ते लिहून बोलतोय, तेही शाळेतल्या मराठीत, जिथे फुप्पीला आत्या म्हणतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे कोनाले वाचून दाखवून राह्यला, इन्स्पेक्टरले?"

तुला फोटो चालत नव्हता, हे रिसोडात सगळ्यांना माहीत होतं. जिवाची तसवीर काढणं नाजायज, धर्माला धरून नाही, एवढं तुझं साधं मत होतं आणि ते तू कुणावर लादलं नाहीस. फक्त कॅमेरा दिसला की तू नाहीशी व्हायचीस. घराण्यातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बमात तू आहेस, पण कुठे पाठ, कुठे कोपर, कुठे नुसता ताट धरलेला हात. माझ्या लग्नात फोटोवाल्यानं तुला स्वयंपाकाच्या जागेत गाठलं, तेव्हा तू पातेल्याचं झाकण तोंडासमोर धरलंस. सना लहान असताना त्या झाकणावर बोट ठेवून "दादी" म्हणायची.

तुझ्याकडे लोक विचारायला येत, हे मला लहानपणी फार मोठं वाटायचं. तू मदरशात गेली नव्हतीस. जऊळक्याला स्टेशनामागे वाढलीस, तिथे आपल्या लोकांची घरं थोडी, म्हणून नमाज अरबीत आणि भांडण वऱ्हाडीत. पण रेडिओवरची प्रवचनं, मशिदीतले बयान, बायकांच्या बैठका, सगळं तू कानात साठवून ठेवलं होतंस, आणि त्यात पदरचं मीठ घालून ओट्यावर बसून निवाडे द्यायचीस. सनाच्या पहिल्या वाढदिवसाचा निवाडा आठवतो का? शबाना भीत भीत आली होती.

"फुप्पी, केक कापला तं चालते का? जायज हाय का?"

"केकात काय रायते?"

"मैदा, साखर, अंडे."

"मैदा जायज. साखर जायज. अंडे जायज. मंग?"

"अन मेणबत्ती?"

"लाइट गेली का लावतोच ना आपण."

शबाना खुश होऊन उठली. तू तिला परत बसवलंस. "पन फुकू नको देऊ. साऱ्या केकावर थुका उडते. इतल्या लोकाइले उष्टं खाऊ घालाचं, हे कोन्या धर्मात जायज हाय थे सांग मले."

शेवटी ती मेणबत्ती तू बोटं ओली करून चिमटीनं विझवलीस. गल्लीतल्या पोरांना वाटलं वाढदिवसाची रीतच तशी असते. आपल्या गल्लीत अजून दोन-चार घरी, त्यातल्या एकदोन घरांत तर सत्यनारायण होतो, मेणबत्ती चिमटीनंच विझवतात. ही तुझी देणगी, फुप्पी. कुठल्याही किताबात सापडणार नाही.

शेजारच्या वत्सलाबाईंशी तुझा सौदा वेगळा होता. देवाला दाखवलेलं तुला चालत नसे, म्हणून त्या पुरणाची पोळी करायच्या तेव्हा नैवेद्य दाखवायच्या आधी तुझ्या दोन बाजूला काढून ठेवायच्या आणि कुंपणावरून ओरडायच्या, "बाई, तुह्या देवाच्या नावाच्या काढल्या, आता मी माह्या देवाले दाखवतो." तू ईदेला त्यांच्यासाठी शिरखुर्मा वेगळ्या, कधी मटण न शिजलेल्या पातेल्यात करायचीस. ते पातेलं वर्षभर उलटं टांगलेलं असायचं. एकदा मी त्यात अंडी उकडली, तेव्हा तू मला जे बोललीस ते इथे लिहिता येत नाही, ते खचित नाजायज होतं.

मौलाना लोकांकडे जायज आणि नाजायज असे दोन कप्पे असतात. मधले बारीक कप्पे त्यांनाच कळतात. तुझा तिसरा कप्पा मात्र सगळ्या गावाला कळायचा: "जायज हाय, पन शोभत नाही." या कप्प्यात तू रंगीत गॉगल टाकलास, लग्नातली डीजे गाडी टाकलीस ("नाजायज तं हायच, पन त्याच्या आंधी शोभत नाही"), आणि मी चाळिशी ओलांडल्यावर माझं डोकं टाकलंस. मी केस काळे केले होते. केसांना मेहंदीचा तांबूस रंग चालतो, कुळकुळीत काळा करू नये, एवढं मलाही माहीत होतं. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "फुप्पी, काळी मेहंदी आहे."

तू मला उजेडात नेलंस. मान खाली करायला लावलीस. वास घेतलास.

"मेहंदी डांबरासारखी दिसते काय रे?"

"नवीन आलीय."

"व्हय. सडक बी नवीन आली का अशीच दिसते."

त्यानंतर मी रंग सोडला. तुला वाटलं अल्लाच्या भीतीनं. खरं सांगतो, सडकेच्या भीतीनं.

पण मला आरशाकडे यायचं आहे. सगळं प्रकरण आरशाचंच आहे.

घरात टीव्ही आला तेव्हा तू बंदी घातली नाहीस. तू फक्त टीव्हीकडे पाठ करून बसायला लागलीस. आवाज ऐकायचा, चित्र पाहायचं नाही. मालिका लागली की तू तुरीचं सूप मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून निवडत बसायचीस आणि विचारायचीस, "आता कोन रडून राह्यली?" सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी, फुप्पी, खोटं सांगायचो. पडद्यावर सून सासूच्या दुधात काहीतरी मिसळत असायची आणि मी म्हणायचो, "हळद टाकून देऊन राह्यली." मला वाटायचं, म्हातारीच्या मनाला कशाला त्रास. एकदा सून सासूला टाकून बोलत होती आणि मी म्हणालो, "माफी मागून राह्यली."

तू सूप थांबवलंस. "माफी मागनारी बाई अशे नाकपुडे फुगवते काय?"

मी म्हणालो, "तुझी पाठ आहे, तुला नाकपुड्या कशा दिसल्या?"

तू हनुवटीनं समोर दाखवलंस. भिंतीला लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराला आरसा होता. त्यात टीव्ही आख्खा दिसत होता. किती दिवस तू माझ्या हळदीच्या दुधाच्या गोष्टी ऐकून घेत होतीस देव जाणे.

"मंग हे चालते?" मी पहिल्यांदाच तुझ्याशी वाद घातला असेल.

"आरसा जायज हाय," तू शांतपणे म्हणालीस. "आरशात तं मी बी दिसून राह्यली. हज करून आलेले बी आरशात पाहूनच दाढी विंचरते." मग जरा थांबून, खरोखरच त्रासलेल्या आवाजात म्हणालीस, "पन ह्या साऱ्या बाया डाव्या हातानं कायले जेवतात? चांगल्या घरच्या दिसतात, अन कोनीच शिकवलं नाही."

आरशात उजवं डावं दिसतं हे मी तुला समजावलं. शाळेत शिकवतो तसं, हात वर करून. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "असन. पन डावाच दिसते ना?" मालिकेतल्या बायकांबद्दल तुझं मत त्यानंतरही सुधारलं नाही.

आता त्या दिवसाचं.

तुझी विधवा पेन्शन होती. दर वर्षी तू जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागे. गेल्या वर्षी त्यावर नवा फोटो मागितला. खिडकीतल्या बाबूशी तू अर्धा तास बोललीस. "मी जिवंत हाय का नाही थे पाहाले फोटो कायले? मी तुह्याशी भांडून राह्यली ना?" बाबू म्हणाला, आजी, भांडण कागदावर चिकटत नाही. शेवटी तू मशिदीतल्या हाफिजजींना विचारलंस. तरुण माणूस, नुकताच आला होता, तुला मान द्यायचा. तो म्हणाला, गरजेपुरता फोटो जायज आहे. तू त्यातला 'गरजेपुरता' हा शब्द गाठ मारून ठेवलास.

मी तुला मोटरसायकलवर दिलीपभाऊंच्या स्टुडिओत नेलं. तू स्टुलावर अशी बसलीस जशी दात काढायला बसलीयस. फोटो निघाला, कागद निघाला, आणि कागदावर तू आठ वेळा.

"दोन पाह्यजे होते," तू म्हणालीस.

"आठच निघतात आजी. एकाच पैशात."

"गरज दोनाची, मंग ह्या सहा बाया कायले उभ्या केल्या?"

दिलीपभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तू त्यांचीच कात्री मागितलीस, दोन फोटो कापून माझ्याकडे दिलेस आणि उरलेल्या सहाजणींना मेथी चिरावी तसं बारीक चिरलंस. कपटे ओढणीच्या टोकाला बांधून घेतलेस. मला वाटलं संपलं. पण तू कॉम्प्युटरकडे बोट केलंस. "यातली?"

"ती राहू द्या आजी. पुढच्या वर्षी कामात येईल, पुन्हा बसाची गरज नाही."

"पुढल्या वर्षी मी येईन. तुह्या पेटीत मी वर्षभर रायत नाही. काढ."

त्यांनी काढली. "गेली. कचऱ्याच्या डब्यात."

"मले कचऱ्याच्या डब्यात टाकलं?"

"म्हंजे तसा डबा नाही आजी, कॉम्प्युटरातला..."

"मंग तिथून बी काढ!"

दिलीपभाऊंनी तोही डबा रिकामा केला, खुर्ची मागे सरकवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "घ्या आजी. आता तुमी ह्या दुनियेत कुठंच नाही."

आणि तू हसलीस. तू कशी हसायचीस, तोंडावर ओढणी घेऊन, खांदे हलवत, आवाज न करता, डोळे पार मिटून. स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर आरसा होता, बाजूला दोरीला बांधलेला कंगवा. तू आरशासमोर ओढणी नीट करायला उठली होतीस, म्हणून आरशात सगळी तू, मागे हात जोडलेले दिलीपभाऊ, आणि कोपऱ्यात मी. माझ्या हातात मोबाइल होता, किती वाजले बघायला काढलेला. मी दाबला. आवाज झाला नाही. शाळेच्या सवयीनं आवाज बंदच असतो.

वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की मी तुझा फोटो काढलेला नाही, आरशाचा काढलाय, आणि आरसा जायज आहे. बघ, तुझ्या शाळेत शिकलो तर वकीलच झालो.

परतताना तू मागे बसली होतीस, गाडी हळू होती. तू माझ्या पाठीशी बोललीस. समोरासमोर बोलली नसतीस असं वाटतं. म्हणालीस, "तुह्या फुफाजीचा एक फोटो होता. लग्नाच्या वक्तचा. बाजूले कागदाच्या फुलाचा गुलदस्ता."

फुफाजी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. तू त्यांच्याबद्दल बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"बाहेरगावचे एक बुजुर्ग आले होते बयानाले. तसवीर घरात असली तं रहमतचे फरिश्ते येत नाही म्हने. मी घरी आली अन चुलीत घातला. लय लवकर जळला बावा. इतलासा कागद."

मी गाडी आणखी हळू केली.

"मंग थोडे वर्ष गेले. आता मले त्याचं नाक आठवते. नाकाच्या खाली कोन होता, थे नाही आठवत. मिशा होत्या का नाही यावर मी आज बी माह्याशीच भांडतो."

तू हे अशा सुरात सांगितलंस की हसावं की काय करावं कळेना. मग म्हणालीस, "तू गप काहून?"

मी म्हणालो, "ट्रॅफिक हाय."

रस्त्यावर एक म्हैस होती. तीही आपली बाजू धरून चालली होती.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. गाडी बाजूला घ्यायची, खिशातून मोबाइल काढायचा आणि तुझ्या हातात द्यायचा. म्हणायचं, काढलाय, ठेवू की पुसू, तू सांग. तू पूस म्हणाली असतीस तर पुसला असता. तू जिवंत होतीस, तुझा हुकूम चालला असता. पण मी म्हशीला हॉर्न दिला.

नंतर एकदा मी आडून प्रयत्न केला. हाफिजजी चहाला आले होते, तू ओट्यावर सुपारी कातरत होतीस. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, मोबाइलातल्या फोटोचं काय? ते म्हणाले, यात आलिमांची, धर्माच्या जाणकारांची, दोन मतं आहेत. काही म्हणतात तसवीर ती तसवीर, कागदावर असो की काचेवर. काही म्हणतात, कागदावर छापला नाही तोवर तो आरशातल्या प्रतिमेसारखा.

आरशासारखा! माझा जीव एवढा हलका झाला की मी त्यांच्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

तू अडकित्ता थांबवलास. "म्हंजे तुमाले नक्की माहीत नाही."

"माहीत हाय फुप्पी," ते हसून म्हणाले. "दोन्ही माहीत हाय."

"मंग एक सांगा. बाई आरशासमोरून उठली का आरसा रिकामा होते. मोबाइल रिकामा होते का?"

हाफिजजींनी बिस्किट उचललं आणि बराच वेळ चावलं. मी आत पाणी आणायला गेलो आणि मोरीपाशी उभा राहिलो. माझ्याकडे त्या दिवशी उत्तर होतं, फुप्पी. मला म्हणायचं होतं, होत नाही, आणि म्हणूनच पाहिजे. फुफाजींचा आरसा रिकामा झाला ना? पण मी पाणी घेऊन आलो. तुझ्याशी माझा हा एकच खरा वाद होता आणि त्यात माझी बाजू अजून मांडायची आहे.

तू गेलीस ती तुझ्याच पद्धतीनं, कुणाला न थांबवता. पहाटेची फज्रची नमाज पढून आडवी झालीस आणि शबाना चहा घेऊन आली तेव्हा नव्हतीस. तू आधीच बजावून ठेवलं होतंस, मय्यत कोनासाठी ठेवाची नाही, कलेक्टर येनार असन तरी नाही. कलेक्टर येणार नव्हते. सना येणार होती, पुण्याहून, सातवा महिना, जावईबापू बरोबर. मी तिला फोनवर सांगितलं, बेटा, आपण थांबत नाही. ती "हो" म्हणाली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरली तेव्हा तू कबरस्तानात गेलेली होतीस आणि ओटा धुऊन झाला होता.

वत्सलाबाई तिला पोटाशी धरून रडल्या आणि म्हणाल्या, "चेहरा चांगला होता ओ पोरी, झोपल्यासारखा." सनानं डोळे पुसून मला विचारलं, "अब्बा, दादीचा एकही फोटो नाही का? एकही?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं तुझं आधार कार्ड शोधून काढलं. त्यातला चेहरा तुला माहीत आहे, सक्तीनं काढलेला, बसमध्ये पाकीट मारताना पकडल्यासारखा. तिनं ते बराच वेळ पाहिलं, मग माझ्या हातात परत दिलं. "ही दादी नाही. ही कोनी बी असू शकते." मग अल्बम काढला, झाकणाचं पान उघडलं, आणि रडता रडता हसली. "बाळाले हेच दाखवीन. ही तुही पणजी, म्हनीन."

मला झोप लागेना म्हणून मी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर हाफिजजींना गाठलं. म्हणालो, माझा एक दोस्त आहे. त्याच्या फुप्पीला फोटो पसंत नव्हता. त्यानं तिच्या नकळत एक काढला, मोबाइलात. आता ती वारली. दोस्त विचारतो, फोटोचं काय करू?

हाफिजजींनी मला नीट पाहिलं. "तुमच्या दोस्तानं फुप्पीले इचारलं होतं का?"

"नाही."

"मंग फोटो जायज का नाजायज, हे नंतर. त्याच्यावर आलिम बोलतीन, अन अल्ला माफ करनारा हाय. पन माणसाचं न विचारता काही घेतलं, तं थो बंद्याचा हक हाय. थो बंद्यानंच माफ करावं लागते. अल्ला बी त्यात बंद्याले विचारते."

"पण ती वारली."

"त्याच्यासाठीच म्हनून राह्यलो. दोस्ताले सांगा, तिच्यासाठी दुवा करत राहावी, तिच्या नावानं कोनाचं भलं करावं. अन तिथं भेटली का पहिले माफी मागावी." मग उठताना म्हणाले, "दोस्ताले माहा सलाम सांगा. अन त्याले सांगा, फुप्पीची मले बी लय याद येते."

मी मान हलवली. दोस्ताला पोचला सलाम.

आणि काल दुपारचं सांगतो, म्हणजे तुला कळेल मी आज का लिहायला बसलो. सना तुझ्या जागेवर बसली होती, टीव्हीकडे पाठ करून, कपाटाच्या आरशासमोर. टीव्ही बंद होता. ती ओढणी तोंडावर घेत होती, सोडत होती, पुन्हा घेत होती. मी दारात उभा राहिलो.

"अब्बा, दादी हसताना ओढणी अशी घ्यायची ना? का अशी?" एकदा एका हातानं, एकदा दुसऱ्या. "कालपर्यंत पक्कं आठवत होतं. आता दोन्ही बरोबर वाटतात."

मी विचार न करता बोललो. "डाव्या हातानं. अन डोळे पार मिटून. खांदे हलायचे."

ती वळली. "डाव्या?"

"हो. डाव्या."

"अब्बा, दादी डाव्या हातानं दरवाजाची कडीसुद्धा काढायची नाही. तोंडाले डावा हात लावन ती?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, शाळेतल्या गुरुजीच्या, जो तुला हात वर करून उजवं-डावं शिकवायला निघाला होता. मोबाइलात मी तुला पाहतोय तो आरसा आहे. वर्षभर मी तुला उलटी पाहून पाहून पाठ केलीय. तू उजव्या हातानंच हसत होतीस, फुप्पी. पोरीला बरोबर आठवत होतं, आणि मी, ज्याच्याकडे पुरावा होता, तिला खोटं सांगत होतो. पुन्हा. हळदीच्या दुधासारखं.

"तुमाले डावा कुठून आठवला?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हणालो. "उजवाच असेल."

ती पुन्हा आरशाकडे वळली आणि उजव्या हातानं ओढणी घेऊन डोळे मिटले. तिला तुझं नाक आठवतं अजून. नाकाखालचंही आठवतं. पण मी ते निसटायला लागलेलं पाहिलं. मोटरसायकलवर माझ्या पाठीशी जी बाई बोलली होती, तिच्यानंतर चेहरा हरवलेली दुसरी बाई तिथे बसू नये असं मला वाटलं.

म्हणून मी ठरवलंय. तू नाही म्हणाली असतीस, हे मला ठाऊक आहे. तरी ठरवलंय. छापणार नाही. चौकट नाही, भिंत नाही, हार नाही. कुणाला पाठवणार नाही, गल्लीतल्या ग्रुपवर तर मुळीच नाही. सना उद्या पुण्याला परत जातेय. जाण्याआधी तिला कपाटाच्या आरशासमोर, तुझ्या जागी बसवीन. मोबाइल तिच्या हातात नाही देणार. तिच्या मागे उभा राहून तो आरशात धरीन, म्हणजे उलटं पुन्हा सुलटं होईल आणि तू उजव्या हातानं हसशील. तिला पाहायचं तेवढं पाहू दे. मग ती उठेल आणि आरसा रिकामा होईल, तू म्हणालीस तसा. मोबाइलाचं मात्र तू विचारलं होतंस त्याचं उत्तर तेच आहे. तो रिकामा होणार नाही. निदान बाळ पाहीपर्यंत नाही.

हे कुठल्या कप्प्यात बसतं ते मी हाफिजजींना विचारणार नाही. ते तुझ्या खात्यातलं काम होतं, आणि ओटा रिकामा आहे.

सनाशी मी खोटं बोललो ते उद्या फिटेल. तुझं फिटत नाही. त्या दिवशी स्टुडिओत तू आरशासमोर उभी असताना मी तुला एवढंच विचारायला हवं होतं: फुप्पी, काढू का? ते विचारलं नाही. तुझी माफी मागणं माझ्याकडे बाकी आहे.